रविवारी सकाळी झाडांभोवतीचं सिमेंट काढायचंय, कोण कोण येणार?

बी-३०१ काकू: सगळ्यांना नमस्कार. मेसेज लांब आहे पण पूर्ण वाचा प्लीज. उन्हाळा सुरू झाल्यापासून आम्ही दोघं रोज सहाच्या आत खाली उतरतो, हे टेरेसच्या कुंड्या बघून येतात आणि मी मागच्या वाफ्यापासून सुरुवात करते, तर गेल्या आठवड्यात पार्किंगच्या कडेच्या बकुळीकडे नीट बघितलं. शेंड्याकडची पानं लहान राहिलीयेत, कडा करपल्यात, आणि वरच्या दोन फांद्यांवर तर पानच नाही. शेजारच्या झाडांना नवी पालवी आलीये. खाली वाकून बघितलं तर पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट थेट खोडाला टेकलंय, मधे बोट जाईल एवढीसुद्धा जागा नाही. मग आम्ही सगळी झाडं फिरून मोजली. आवारात १४ आहेत, त्यातल्या ११ जणांची हीच अवस्था आहे. माझी विनंती आहे की या रविवारी साडेसहाला जमून या ११ झाडांभोवतीचं सिमेंट काढू आणि पाणी मुरायला खोडाभोवती आळी (गोल खळगे) करू. ऊन अजून चढलेलं नाही तोवरच हे व्हायला पाहिजे.

ए-२०४: काकू पण पाणी तर रोज घालतात ना? संध्याकाळी वॉचमन पाईप धरून उभा असतो मी बघतो रोज

बी-३०१ काकू: हो घालतो, पण ते पाणी ब्लॉकवरून उताराने गटारात जातं रे. पाचच मिनिटं उभा राहून बघ, कुठे जातं ते लगेच कळेल.

ए-२०४: मला वाटायचं मोठ्या झाडाची मुळं खूप खोल जातात, ती खालून घेतात पाणी

बी-३०१ काकू: बऱ्याच जणांना तसंच वाटतं. पाणी शोषणारी बारीक केशमुळं बहुतेक वरच्या दोन फुटांतच असतात, आणि ती खोडापाशी गोळा झालेली नसतात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. आणि मुळांना नुसतं पाणी पुरत नाही, हवासुद्धा लागते. मातीच्या कणांमधे जी हवा असते त्यातलाच ऑक्सिजन ती घेतात. वरून सिमेंट ओतलं की हवा पण बंद आणि पाणी पण बंद. झाड लगेच मरत नाही म्हणून आपल्याला काही वाटत नाही, काही वर्षं ते साठवणीवर काढतं आणि मग एका उन्हाळ्यात वरून वाळायला लागतं. बकुळीचं आत्ता तेच चाललंय असं मला वाटतं.

सी-१०३: काकू तुमच्या भावना समजतात पण प्रॅक्टिकल बोलतो. माझी गाडी बरोबर त्या झाडाखाली लागते. ब्लॉक काढले की पावसाळ्यात चिखल, आणि चाक आत गेलं की कोण बघणार? पेव्हिंग सर्वांच्या पैशातून झालंय.

बी-३०१ काका: तुमचा मुद्दा रास्त आहे. आम्ही काल टेप घेऊन सगळ्या ११ झाडांपाशी मोजलं. खोडापासून चारी बाजूंना १ मीटर मोकळं केलं तर ९ ठिकाणी गाड्यांना काही फरक पडत नाही. तुमच्या आणि शेजारच्या जागेत साधारण वीतभर जागा जाते. तिथे आपण गाडीच्या बाजूने अर्धाच मीटर काढू आणि दुसऱ्या बाजूने जास्त काढू. चाक आत जाऊ नये म्हणून कडेला निघालेलेच ब्लॉक उभे पुरायचे. चिखलाचं म्हणाल तर आळ्यात वाळका पाला टाकायचा आहे, त्यावर चिखल होत नाही. नकाशा काढलाय, संध्याकाळी घरी या, दाखवतो.

सी-१०३: बघतो येऊन. पण माझं मत मी सांगितलं.

सी-४०२: मला वेगळीच काळजी आहे. मुळं मोकळी केली आणि झाड वाऱ्याने पडलं तर? त्यापेक्षा पावसाळ्याआधी सगळी झाडं वरून अर्धी कापून टाका ना, वजनच राहणार नाही. आधी जिथे राहायचो तिथे दर वर्षी करायचे

बी-३०१ काकू: नाही हो, कृपा करून हे नको. यावर मी मनापासून लिहिते कारण अशी कापलेली झाडं मी बघितलीयेत. शेंडा आणि मोठ्या फांद्या मधेच छाटल्या की झाड घाबरून भराभर धुमारे फोडतं. ते धुमारे सालीच्या जवळून आलेले असतात, आत लाकडात रुजलेले नसतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी जड झाले की तेच मोडून पडतात. आणि मोठ्या कापातून आत कूज शिरते. म्हणजे जो धोका टाळायला कापलं तो आपणच तयार करतो. शिवाय आत्ता उन्हाळ्याच्या तोंडावर सावली गेली की इतकी वर्षं झाकलेली साल उन्हात भाजते.

सी-४०२: कापावर डांबर किंवा रंग लावतात ना कूज होऊ नये म्हणून?

बी-३०१ काका: मीही रिटायर होईपर्यंत तेच मानत होतो. मग वाचायला वेळ मिळाला. अमेरिकेच्या वनखात्यात अॅलेक्स शिगो नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी चेन सॉने हजारो झाडं उभी चिरून आतली जखम कुठपर्यंत गेली ते बघितलं. १९७७ साली त्यांनी मांडलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड त्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करून तो कप्पा बंद करतं आणि पुढे नवीन लाकूड वाढवतं. रंग लावल्याने कूज थांबत नाही हेही त्यांनी दाखवलं. म्हणून काप कुठे द्यायचा हे महत्त्वाचं. फांदी खोडाला मिळते तिथे जो फुगीर कंगोरा असतो तो ठेवून त्याच्या बाहेर कापायचं. खोडाला चिकटून कापलं तर झाडाची ती भिंतच जाते, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. मोठी फांदी असेल तर तीन काप, आधी थोडं पुढे खालून अर्धवट, मग त्याच्या बाहेर वरून, वजन उतरलं की तिसरा काप कंगोऱ्यापाशी. एकाच कापात तोडली की फांदी पडताना खाली खोडापर्यंत साल सोलत नेते.

बी-३०१ काकू: आणि पडण्याबद्दल. झाड धरून ठेवतात ती मुळं. ती कापली किंवा कुजली की झाड पडतं. आपण कापणार नाही आहोत, फक्त वरचं झाकण काढतोय. वाळलेल्या फांद्या मात्र खरंच धोक्याच्या आहेत, त्या जाणकार माणूस बोलावून काढूच, पण घरटी बघून मगच. नातू आलाय सुट्टीला, त्याने वहीत नोंद केलीये, गेटजवळच्या झाडावर एक बुलबुलाचं घरटं आहे आणि मागच्या बाजूला एक, त्यात कोण आहे ते अजून कळलं नाही. पिल्लं उडेपर्यंत त्या दोन झाडांना हात नाही.

ए-५०१: काकू हे सगळं बरोबर आहे पण तुम्ही बाहेरच्या फुटपाथच्या झाडांसाठी ऑफिसला अर्ज करत होतात ना? त्याचं काय झालं? ती नऊ झाडं तर जास्त वाईट अवस्थेत आहेत

बी-३०१ काकू: त्याबद्दल लिहायचंच होतं. दोन महिने आम्ही दर सोमवारी जातोय. अर्ज दिला, फोटो दिले, सह्या दिल्या. मागच्या सोमवारी तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या आवारात किती झाडं आहेत आणि ती मोकळी आहेत का?" मला उत्तर देता आलं नाही. परत येताना आम्ही दोघं रिक्षात काही बोललो नाही. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई आधी घरातली उघडा आणि मग फोटो घेऊन जा. तिचं बरोबर आहे. दुसऱ्याच्या नऊ झाडांसाठी भांडायचं आणि आपल्या अकरांच्या गळ्याला सिमेंट ठेवायचं, हे मला पटत नाही. यांचं मत आधी बाहेरचं बघू असं होतं, कारण तिथे रस्त्याचं काम कधीही सुरू होईल. आता दोन्ही बरोबर करतोय.

ए-५०१: मी येते रविवारी. चिपको सारखं झाडाला मिठी मारायची वेळ येऊ नये बस 🙏

बी-३०१ काकू: चिपको आंदोलनात १९७४ साली हिमालयातल्या रेणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या बरोबरच्या बायका उभ्या राहिल्या तेव्हा समोर कुऱ्हाडी होत्या, त्यांचं धाडस फार मोठं. आपल्यापुढे तेवढं संकट नाही, आपल्याला पत्रं लिहायचीयेत आणि ती न कंटाळता लिहायचीयेत. मी नातवाला रोज झोपताना वांगारी माथाईंची गोष्ट सांगते. केनियात १९७७ मधे त्यांनी बायकांना घेऊन रोपं लावायला सुरुवात केली, आणि १९८९ मधे नैरोबीतल्या उहुरू पार्कमधे साठ मजली इमारत होणार होती तेव्हा त्यांनी पत्रांवर पत्रं पाठवली, सरकारला, बाहेरच्या देशांना, पैसे देणाऱ्यांना. लोकांनी खूप बोल लावले. शेवटी इमारत झाली नाही, पार्क आहे. २००४ ला त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. तो रोज विचारतो, मग पुढच्या पत्रात काय लिहिलं?

बी-३०१ काका: पत्रावरून एक सांगतो, कोणी अर्ज द्यायला जाणार असेल तर दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. आमचा पहिला अर्ज असाच गेला, पुढच्या वेळी टेबलावर कोणाला सापडला नाही. आणि "झाडं वाचवा" एवढंच लिहू नका. कुठलं झाड, खांब नंबर काय, खोडाचा घेर किती, सिमेंट कुठपर्यंत, काय करायला हवं, सगळं लिहा.

सेक्रेटरी: कमिटीत बोलणं झालं. आवारातलं काम करायला हरकत नाही, पुढच्या मीटिंगमधे नोंद घेऊ. अट एकच, पाण्याच्या आणि केबलच्या लाईन कुठून जातात ते प्लंबरकडून आधी खुणा करून घ्या. आणि मशीन नको, आवाज आणि धक्के दोन्ही.

बी-३०१ काकू: मशीन नकोच आहे, त्याने मुळं फाटतात. पहार आणि छिन्नी-हातोडा. ज्यांच्याकडे पहार, घमेलं, खुरपं आहे त्यांनी आणा. बाहेरून सुरू करून खोडाकडे यायचं. जाड मूळ दिसलं तर कापायचं नाही, लगेच ओलं गोणपाट टाकायचं, उघडी केशमुळं उन्हात थोड्याच वेळात वाळतात. आणि खत कोणीही टाकू नका, आजारी झाडाला उन्हाळ्यात खत म्हणजे त्रासच. आधी हवा, पाणी आणि सावली.

सी-२०२: आमच्याकडे पहार आहे. वाळका पाला पण तीन पोती जमवलाय, सफाईवाल्या ताईंना जाळू नका म्हणून सांगितलं होतं तुमच्या मागच्या मेसेजनंतर

बी-३०१ काकू: किती छान काम केलंस गं. तो पाला चार बोटं जाड पसरायचा, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकला तर साल सतत ओली राहून कुजते.

(रविवार)

बी-३०१ काका: साडेसहाला १७ जण आले. साडेनऊला ऊन लागायला लागलं तेव्हा थांबलो. ११ पैकी ७ झाडं मोकळी झाली, उरलेली ४ पुढच्या रविवारी. सिमेंटखाली बकुळीची माती पांढुरकी आणि भुकटीसारखी निघाली, दोन महिन्यांपूर्वीचं पाणी पण तिथे पोचलं नसेल. एकही गांडूळ दिसलं नाही. पंपाजवळच्या झाडाखाली मात्र गळक्या जॉइंटमुळे ओल होती आणि सगळी केशमुळं त्याच एका बाजूला धावलेली. सी-१०३ साहेबांच्या जागेतलं आळं त्यांनी स्वतः उभं राहून आखून घेतलं, अर्धा मीटरच काढलंय.

सी-१०३: पावसाळ्यात बघू. चिखल झाला तर मी परत बोलणार

बी-३०१ काकू: जरूर बोला. झाला तर खडी टाकू.

ए-२०४: काकू पाणी कसं घालायचं आता? वॉचमनला काय सांगू?

बी-३०१ काकू: रोज शिंपडणं बंद. आठवड्यातून दोनदा, सकाळी, पाईप आळ्याच्या कडेला ठेवून बारीक धार अर्धा तास. खोडावर नको. दुसऱ्या दिवशी माती उकरून बोट घालायचं, दोन पेरं खाली ओल असेल तर बरोबर. मंगळवारी सी-२०२ बघेल, शुक्रवारी आम्ही.

ए-५०१: आणि ऑफिस?

बी-३०१ काका: सोमवारी सातही झाडांचे आधीचे आणि नंतरचे फोटो लावून नवीन अर्ज दिला, पोच घेतली. गुरुवारी बाहेरची नऊ झाडं बघायला माणूस पाठवतो म्हणालेत. गुरुवारी सकाळी ज्यांना जमेल त्यांनी गेटवर या, चार-पाच रहिवासी दिसले तर बरं.

सी-४०२: बकुळ वाचेल का पण?

बी-३०१ काकू: आज नातवाबरोबर नखाने बारीक डहाळ्यांची साल खरवडून बघितली. खालच्या सगळ्या फांद्यांत आत हिरवं निघालं. वरच्या दोन तपकिरी आहेत, त्या गेल्या. त्याच्या खालची एक आहे तिच्यात एका बाजूला हिरवी रेघ आहे, त्याने तिला लाल दोरा बांधून ठेवलाय. कोणी काढू नका, पुढच्या रविवारी तिथेच परत बघायचंय.