सल्ला हवा : प्रिया तेंडुलकर – काय बघावं, काय वाचावं?

गौरी_स
माझी भाची अकरावीत आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी एका टीव्ही अभिनेत्रीवर लिहायचंय आणि तिने प्रिया तेंडुलकर निवडली. मला फार आनंद झाला. पण नेटवर शोधलं की दोनच गोष्टी वर येतात : विजय तेंडुलकरांची मुलगी आणि मोडलेलं लग्न. तिला नेमकं काय दाखवू, काय वाचायला देऊ? आणि खाजगी आयुष्याबद्दल किती लिहावं?

गिरगावकर
सुरुवात 'रजनी' या मालिकेपासूनच. त्यात प्रिया अन्यायाविरुद्ध आवाज उठवणारी गृहिणी, रजनी झाली होती. १९८५, दूरदर्शन, दिग्दर्शक बासू चॅटर्जी. काही भाग यूट्यूबवर सापडतात. मात्र आधी तिला त्या काळाबद्दल सांगा. गॅससाठी नंबर लावून बसायचं, फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबायचं, सरकारी खिडकीवरच्या माणसाने 'उद्या या' म्हटलं की मुकाट घरी यायचं. हे ठाऊक नसेल तर रजनी तिला नुसती भांडकुदळ बाई वाटेल. ती खिडकीवरून हलत नाही, एवढ्याच गोष्टीने तेव्हा घराघरातल्या बायकांना बळ आलं होतं. आमच्या चाळीत रेशनच्या दुकानात कुणी आवाज चढवला की 'आली रजनी' म्हणत, आणि त्यात कौतुकच असायचं.

मेधा कुलकर्णी
मालिका बघाच, पण पुस्तकं सोडू नका. माझ्या मते प्रकल्पाचा निम्मा भाग तिच्या लेखनावर हवा, कारण तिथे ती कुणाची मुलगी किंवा कुणाची बायको म्हणून येत नाही. अभिनयात नाव होण्याआधी तिने पंचतारांकित हॉटेलात स्वागतिकेचं काम केलं, हवाईसुंदरी होती, मॉडेलिंग केलं, बातम्याही दिल्या. 'पंचतारांकित' त्या हॉटेलातल्या अनुभवांतून आलंय. अकरावीतल्या मुलीला ते पटकन आवडेल. मग 'ज्याचा त्याचा प्रश्न' आणि 'जन्मलेल्या प्रत्येकाला' हे कथासंग्रह. एका बैठकीत उरकू नका, एकेक कथा वाचू द्या.

अनघा_नाशिक
'हम पाँच' राहिलं की! १९९५ची मालिका. अशोक सराफांच्या दिवंगत पहिल्या बायकोची भूमिका, भिंतीवरच्या फोटोतून नवऱ्याशी बोलणारी. चौकटीत अडकून फक्त चेहरा आणि आवाज यांवर विनोद पेलायचा, हे सोपं नाही. रजनीच्या लगेच नंतर दाखवा, तिचा आवाका कळेल.

गिरगावकर
अगदी बरोबर. आणि त्याच दशकातला, लोकांना बोलतं करणारा तिचा टॉक शो 'प्रिया तेंडुलकर शो'. रजनीमुळेच लोक तिच्यापुढे मोकळेपणी बोलत असणार, असं मला वाटतं.

मेधा कुलकर्णी
गौरी, तुमचा दुसरा प्रश्न राहिला. करण राझदान 'रजनी'त तिचा नवरा झाला होता आणि मालिकेच्या लेखनातही होता, त्यामुळे त्याचं नाव कामाच्या ओघातच येईल. १९८८मध्ये लग्न, १९९५मध्ये वेगळे झाले. दोन वाक्यं पुरेत. का, कुणामुळे, या फंदात पडू नये. ते आपल्याला कळण्याचा काही संबंध नाही. आजारपणाबद्दल मात्र लिहावं. तिला कर्करोग झाला होता. १९ सप्टेंबर २००२ला हृदयविकाराच्या झटक्याने गेली, वय अवघं ४७. वडील तेव्हा हयात होते. एवढं सांगितलं तरी वाचणाऱ्याला पोचतं.

गौरी_स
मनापासून आभार सगळ्यांचे. 'पंचतारांकित'साठी उद्याच दादरच्या ग्रंथसंग्रहालयात विचारते. श्याम बेनेगलांचा 'अंकुर'ही दाखवू का?

अनघा_नाशिक
नक्की. १९७४चा, म्हणजे रजनीच्या कितीतरी आधीचा. त्यात ती अनंत नागची बायको आहे, नांदायला आल्यावर घरात काय चाललंय याचा वास येऊन लक्ष्मीला कामावरून काढणारी. लक्ष्मी झालेल्या शबाना आझमीचीच चर्चा होते, पण भाचीला म्हणावं, प्रियाचे मोजके प्रसंग दोनदा बघ. इथे ती अन्याय करणाऱ्या बाजूला उभी आहे.