मदत हवी आहे: स्कॉटिश एलमधला बटरस्कॉचचा वास – माल्टचा की दोष?

मंडळी, एडिनबराजवळ राहतो, घरीच बिअर करतो. या वेळी ६० शिलिंग पद्धतीची हलकी एल केली आहे. (एकोणिसाव्या शतकात पिंपाच्या किमतीवरून ६०, ७०, ८० अशी नावं पडली, ती अजून टिकून आहेत.) गोल्डन प्रॉमिस जातीचा माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), रंगापुरती चिमूटभर भाजलेली बार्ली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) अगदी बेताचे. माल्टचा पहिला काढा थोडा वेगळा घेऊन पाकासारखा आटवला. अल्कोहोल ३.१ टक्के.

रंग तांबूस तपकिरी, फेस पातळ. पहिल्या घोटाला पावाच्या खरपूस कडेची चव येते, मग कॅरॅमल, आणि शेवट बऱ्यापैकी कोरडा. इथवर मस्त. पण ग्लास जरा कोमट झाला की बटरस्कॉचचा वास वर येतो आणि जीभ किंचित तुपकट वाटते.

आता हे आटवलेल्या पाकाचं देणं, की डायअसिटाइल (आंबताना यीस्टमुळे तयार होणारा, लोण्यासारख्या वासाचा पदार्थ)? माझा संशय दुसऱ्यावर, कारण नुसत्या कॅरॅमलने जीभ तुपकट व्हायला नको. नमुना गरम करून, गार करून हुंगायची चाचणी माहीत आहे, पण आधीच एवढी माल्टी असलेल्या एलमध्ये तिचा निकाल कितपत धरायचा?

डायअसिटाइलच असेल तर यीस्टवर आणखी चार दिवस, थोड्या उबेत ठेवू का? बाटल्या अजून भरलेल्या नाहीत. आणि हो, पीटचा धूर घालायचा सल्ला कृपया नको, तो व्हिस्कीतच बरा.