सर्व्हर विसराळू असलेलाच बरा

ओसरीवरचा (धागाकर्ता)

आमचं पुण्यातलं १८ मशीनचं ड्रॉइंग ऑफिस. सगळ्या फायली एका लिनक्स सर्व्हरवर, त्या नेटवर्कवरून सगळ्या मशीनना पुरवणाऱ्या एनएफएसची तिसरी आवृत्ती. गेल्या आठवड्यात नव्या मुलाने एक स्क्रिप्ट लिहिली. एका मशीनने रेंडर संपवलं की फोल्डरमध्ये ‘झालं’ नावाची रिकामी फाइल टाकायची, दुसऱ्याने ती आली का हे दर सेकंदाला बघायचं आणि दिसली की पीडीएफ करायला घ्यायची. पहिल्या मशीनवर फाइल दिसतेय, दुसरं म्हणतंय नाहीच. अर्धा मिनिट हाच तमाशा, मग एकदम उगवली. लगेच मीटिंग, लगेच ठराव: एनएफएस जुनाट झालंय, फेका.

अहो, त्यात बिघाड काहीच नाही. लिनक्सचा क्लायंट (फाइल मागणारं मशीन) फोल्डरची माहिती ३० ते ६० सेकंद स्वतःजवळ, म्हणजे कॅशमध्ये, धरून ठेवतो. ‘ही फाइल नाही’ हे उत्तरसुद्धा तो तेवढा वेळ जपतो. माउंट करताना, म्हणजे सर्व्हरचं फोल्डर मशीनला जोडताना, ‘लुकअपकॅश=नन’ दिलं, प्रश्न मिटला. (‘नोएसी’ देऊ नका, त्याने फायलींच्या माहितीची कॅशच बंद होते. आम्ही दिलं होतं, फायलींची यादी मागायला एलएस मारून चहाला जायची वेळ आली.)

सन कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस काढलं तेव्हाच ठरवलं होतं की कोणी कोणती फाइल उघडली हे सर्व्हरने लक्षात ठेवायचं नाही. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण: ही फाइल, इथून, इतके बाइट. आमच्या सर्व्हरचा यूपीएस म्हातारा झालाय, महिन्यातून एकदा तरी दगा देतो. तेवढा वेळ सगळ्यांचे स्क्रीन थिजतात, सर्व्हर उठला की जिथे होते तिथून पुढे चालू. कोणाचं ड्रॉइंग बंद पडत नाही. लहान ऑफिसला याहून जास्त काय हवं?

रात्रपाळी

जास्त हवं. तुमची पद्धत म्हणजे रेशन दुकानावर दर तासाला चक्कर मारून ‘साखर आली का?’ विचारणं. कार्नेगी मेलनमध्ये आयबीएमच्या पैशावर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अँड्र्यू प्रकल्प सुरू झाला, त्यातल्या एएफएस या फाइल सिस्टिमच्या पहिल्या आवृत्तीत हेच होत होतं. फाइल उघडताना दर वेळी ‘माझी कॉपी चालेल ना?’ एका सर्व्हरला जेमतेम २० क्लायंट झेपायचे, कारण त्याचा बराचसा जीव या असल्या प्रश्नांतच जायचा. मग त्यांनी कॉलबॅक आणला. तू फाइल ने, बदलली की मीच निरोप धाडतो. त्याच जातीच्या सर्व्हरवर आकडा ५० च्या घरात गेला. ४० वर्षांपूर्वी सुटलेलं गणित आहे हे, आणि तुम्ही अजून चकरा मारताय.

ओसरीवरचा

आणि दुकानदाराची वहीच जळाली तर? सर्व्हर पडला की कोणाला काय कबूल केलं होतं ते सगळं गेलं, उठल्यावर प्रत्येक क्लायंटला आपली कॉपी पुन्हा तपासून घ्यावी लागते. शिवाय एएफएस बदल सर्व्हरला पाठवतं फाइल बंद करताना. दोघांनी एकच ड्रॉइंग उघडलं तर शेवटी बंद करणारा जिंकला, पहिल्याची दुपार पाण्यात.

रात्रपाळी

पण निदान एकाचं तरी ड्रॉइंग धड राहतं. एनएफएसवर दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर काही तुकडे याचे, काही त्याचे. तयार होते ती भेळ, आणि ती कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. मी खाल्लेली आहे.

घाटावरची

ओसरीवाले, तुमचा सर्व्हर विसराळू कधी होता हो? एका फाइलवर एका वेळी एकानेच लिहावं म्हणून लॉक वापरता ना? एनएफएस ३ मध्ये लॉकसाठी वेगळा प्रोग्राम असतो, आणि कोणाकोणाला लॉक दिलंय याची यादी डिस्कवर लिहून ठेवायला स्टॅटडी नावाचा अजून एक. रीबूटनंतर तोच सगळ्यांना ‘मी पडलो होतो, आपापली लॉकं परत सांगा’ म्हणून कळवत बसतो. म्हणजे घर नीटनेटकं, सगळा पसारा माळ्यावर. चौथ्या आवृत्तीत तो माळा सरळ दिवाणखान्यात आणला: कोणी काय उघडलंय, कोणाचं लॉक, सगळं सर्व्हरला माहीत. वर डेलिगेशन म्हणून एएफएसच्या कॉलबॅकचा चुलतभाऊही आहे. विसरण्याचं कौतुक एनएफएसवाल्यांनी स्वतःच सोडलंय.

ओसरीवरचा

माळ्याचं मान्य. पण चौथी आवृत्ती लावली की सर्व्हर उठल्यावर लिनक्सवर ९० सेकंदांचा ग्रेस असतो, जुन्या मंडळींनी आपले हक्क परत सांगेपर्यंत नव्याला फाइल उघडता येत नाही. माझ्या यूपीएसच्या तब्येतीला ते महाग आहे.

घाटावरची

मग यूपीएस बदला.

पेटीमास्तर

एवढी भांडणं कशाला? ३ मशीन घ्या, सेफ (Ceph) नावाची फाइल सिस्टिम लावा, प्रत्येक फाइलच्या ३ कॉपी. एक पडलं तरी काम चालू, बॅकअपचाही ताप नाही.

रात्रपाळी

बॅकअपचा ताप नाही?! मास्तर, आमच्याकडे ३ कॉपी होत्या. एका भल्या माणसाने चुकीच्या फोल्डरमध्ये उभं राहून ‘आरएम -आरएफ’ मारलं, म्हणजे न विचारता सगळं पुसणारी कमांड. तिन्ही कॉप्या इमानदारीत पुसल्या गेल्या. डिस्क जळली तर कॉपी वाचवते, माणसाच्या बोटापुढे तिचा इलाज नाही. एएफएसची पद्धत इथेही मला शहाणी वाटते. वाचण्यापुरत्या प्रती वेगळ्या, आणि अ‍ॅडमिनने ‘रिलीज’ म्हटल्याशिवाय मूळ व्हॉल्यूममधला (फायलींच्या गठ्ठ्यातला) बदल तिकडे जात नाही. सकाळी घाण झाली तरी प्रतीत कालचा माल शाबूत.

पेटीमास्तर

म्हणजे जुना माल वाचत बसायचा. ड्रॉइंग ऑफिसात कालची प्रत म्हणजे साइटवर चुकीची भिंत!

रात्रपाळी

चालू कामासाठी नाहीच ते. सॉफ्टवेअर, फॉन्ट, ठरलेले नमुने यांच्यासाठी. आणि तुमच्या ३ कॉप्या एकसारख्या ठेवायच्या तर लिहिणाऱ्याला सगळ्यात मठ्ठ डिस्कची वाट बघावी लागते. थांबायचं नसेल तर मग कार्नेगी मेलनच्या सत्यनारायणन यांच्या कोडा या फाइल सिस्टिमसारखं करा: नेटवर्क नसतानाही लिहू द्या, जोडणी आली की मेळ घाला, आणि जुळलं नाही तर माणसाला बसवा निवाडा करायला. फुकटात काही नाही.

कुलूपकिल्ली

सगळा धागा वाचला. कॅशवर १०० ओळी, आणि घराचं दार सताड उघडं!

ओसरीवाले, एनएफएस ३ म्हणजे बहुतेक साधी ऑथ-सिसच असणार. तुमचा सर्व्हर कोण आलंय ते तपासतच नाही, क्लायंट जो युजर क्रमांक सांगेल तो खरा धरतो. उद्या तो नवा मुलगा स्वतःचा लॅपटॉप वायरला लावेल, त्यावर १००५ क्रमांकाचा युजर बनवेल. तुमच्या अकाउंटंट बाईंचा क्रमांक १००५ असला की पगाराची शीट त्याच्यासमोर. रूट-स्क्वॅश आहे म्हणाल तर ते फक्त रूटला (मशीनचे सगळे हक्क असलेल्या युजरला) ‘कोणीच नाही’ करतं. स्वतःच्या लॅपटॉपवर रूट असलेल्याला १००५ व्हायला ‘एसयू’ ही युजर बदलायची एक कमांड पुरते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. यापुढे फाइल ३० सेकंद उशिरा दिसली हे दुःख फार किरकोळ आहे.

ओसरीवरचा

आमचं नेटवर्क बंद आहे हो, बाहेरचं कोणी...

(१० मिनिटांनी) जाऊन करून बघितलं. माझ्याच लॅपटॉपवर. अकाउंटंट बाईंचा क्रमांक १००७ निघाला, बाकी तुम्ही म्हणता तसंच. पगार बघितले नाहीत, शप्पथ.

कॅशबद्दल माझं मत तेच आहे, विसराळू सर्व्हरबद्दलही. पण शनिवारी कर्बेरॉस लावतो, म्हणजे कोण आलंय ते तिकीट बघून तपासलं जाईल. कुठून सुरू करू?

घाटावरची

लावणारच आहात तर चौथी आवृत्तीही लावून टाका, एकाच शनिवारात दोन्ही.

कुलूपकिल्ली

आधी घड्याळं. कर्बेरॉसला साधारण ५ मिनिटांच्या वर फरक चालत नाही, तिकीटच नाकारतं. सगळी मशीनं एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेवर) आहेत ना?

ओसरीवरचा

१७ आहेत. रिसेप्शनचं ७ मिनिटं पुढे आहे. लोकांनी वेळेवर यावं म्हणून साहेबांनी मुद्दाम ठेवलंय.