हायपोकोलियसचं कूळ कोणतं? 'शेपूट वाढलेला बुलबुल' म्हणणाऱ्यांना उत्तर

रानवाट: काल कच्छच्या हायपोकोलियस पक्ष्याच्या फोटोंखाली कुणीतरी लिहिलं, "हायपोकोलियस म्हणजे शेपूट वाढलेला बुलबुल. एका पक्ष्यासाठी अख्खं कूळ काढणं हा शास्त्रज्ञांचा रिकामा उद्योग." वर लोकांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही.

कच्छमधल्या फुलायला पीलूच्या एकाच झुडपावर मी पांढऱ्या कानाचे बुलबुल आणि हायपोकोलियस शेजारी शेजारी पाहिलेत. बुलबुलांचा नुसता गोंधळ. हा मात्र पानांच्या आत घुसून गप्प बसतो, फळ अख्खं गिळतो, पुन्हा गप्प. नराचा काळा पट्टा डोळ्यापासून थेट मानेमागे जाऊन मिळतो. पंखांची पांढरी टोकं तर उडाल्याशिवाय नीट दिसतही नाहीत. पक्षिशास्त्रज्ञ बोनापार्टने 1850 मध्ये नाव दिल्यापासून याला कुणी इथे ठेवलं, कुणी तिथे. 1949 मध्ये देलाकूर आणि अमाडन या पक्षिशास्त्रज्ञांनी वॅक्सविंग या बोरं खाणाऱ्या पक्ष्यांशी नातं सांगितलं आणि 2008 मध्ये डीएनएनेही तेच दाखवलं. बुलबुलाचा प्रश्न तिथेच मिटला.

जुनाखोड: बुलबुल नाही, मान्य. पण वेगळं कूळ कशाला? ज्या देलाकूर-अमाडनचा दाखला देताय, त्यांनी वॅक्सविंग, अमेरिकेतले रेशमी माशीमार आणि हा, सगळे एकाच कुळात घातले होते, फक्त उपकुळं वेगळी. आता वॅक्सविंग तीन, माशीमार चार, कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावरचा पामचॅट एक, हायपोकोलियस एक, आणि कुळं चार! नातं डीएनए सांगतो, कुंपण कुठे घालायचं ते माणूस ठरवतो. आणि याचा फायदा कुणाला? 'कुळांची यादी' पुरी करणाऱ्या पक्षीनिरीक्षकांना. चार-चार गाड्या त्या झुडपांना वेढा घालून उभ्या असतात, मोबाइलवर आवाज वाजवतात. पक्षी दिवसभर खायला बाहेर येत नाही.

पाणकोंबडी: काका, गाड्यांचा राग कुळावर का काढताय? एक कूळ केलं म्हणून गर्दी हटणार आहे का? हा पक्षी भारतात बघायचा तर कच्छशिवाय खात्रीची जागा नाही, लोक येणारच. वेड्या बाभळीने पीलूची जागा खाल्ली, त्यावर बोला की.

आणि नुसत्या दिसण्यावर जाणाऱ्यांनी हवाईचे ओओ पक्षी आठवावेत. बाकदार चोच, मध पिणं, सगळं ऑस्ट्रेलियातल्या मधपाख्यांसारखं. पिढ्यानपिढ्या त्यांच्यातच धरले. 2008 मध्ये संग्रहालयात जपलेल्या त्यांच्या कातड्यांचा डीएनए तपासला, तर निघाले वॅक्सविंग-पामचॅटच्या गोतातले! तोवर सगळे नामशेष. शेवटच्या ओओचा आवाज 1987 मध्ये ऐकला गेला. ती कातडी जपली नसती तर हे कधीच कळलं नसतं.

मोकळंरान: म्हणजे पक्षी मारून पेटीत भरणं योग्य, असंच ना? याच युक्तिवादावर शंभर वर्षं बंदुका चालल्या. पक्षीनिरीक्षक रमणा आत्रेयांनी अरुणाचलात बुगुन लिओसिक्ला हा पक्षी पकडला, पिसं आणि फोटो घेतले, सोडून दिला आणि 2006 मध्ये नवी जात जाहीर केली. मारायची गरजच काय?

पाणकोंबडी: मी "मारा" कुठे म्हटलं? शब्द तोंडात घालू नका. आहेत ती कातडी जपा, इतकंच म्हटलं. एका कॉलेजच्या संग्रहालयात मी स्वतः वाळवी लागलेले पक्षी पाहिलेत. चिठ्ठ्या गळून पडलेल्या. कुठून आणले, कधी आणले, काही पत्ता नाही. ते मारलेही गेले आणि वायाही गेले. त्याचा राग येत नाही तुम्हाला?

मोकळंरान: येतो. जपण्यापुरतं तुमचं मान्य. पण "अजून एक नमुना हवा" म्हणणारा उद्या उभा राहिला की मी आडवा येणार.

जुनाखोड: पिसावरून जनुकं कळतात, सांगाडा कळत नाही हो. डीएनए नव्हता तेव्हा देलाकूर-अमाडन उगाच वॅक्सविंगपर्यंत पोहोचले का? हातात नमुने होते म्हणून. बुगुन लिओसिक्ला मोजकेच उरलेत, तिथे आत्रेयांनी केलं तेच बरोबर. तोच नियम सगळीकडे लावू नका.

रानवाट: विषय कुठे गेला बघा. जुनाखोड, कुंपण माणूस घालतो हे खरं, तेवढं तुम्हाला दिलं. पण कुंपण काढायचं तर ओओंनाही आत घ्या. बर्फाळ जंगलात बोरं खाणारा वॅक्सविंग, ताडावर सामूहिक घरटं बांधणारा पामचॅट, टायग्रिस-युफ्रेटिसकाठी वीण करून कच्छला येणारा हायपोकोलियस आणि मध पिणारा ओओ. या सगळ्यांचं एक कूळ करून त्याचं वर्णन एका परिच्छेदात लिहून दाखवा.

जुनाखोड: लिहितो. उपकुळं पाच. उद्या संध्याकाळपर्यंत टाकतो. आणि त्यात एकही ओळ खोडता आली नाही, तर "प्रश्न मिटला" हे वाक्य मागे घ्या.