फॉन्ड्यू फाटतंय, शनिवारी पाहुणे आहेत – मदत हवी आहे

तिखटमीठ:
चीजचं फॉन्ड्यू (वितळवलेलं चीज, त्यात पाव बुडवून खायचं) दोनदा केलं, दोन्ही वेळा वाट लागली. खाली च्युइंगगमसारखा गोळा आणि वर पिवळं तेल. रेसिपीत होतं तसंच सगळं केलंय. शनिवारी पाच जण जेवायला येणार, त्यातले दोघे शाकाहारी. बजेट ४०. फॉन्ड्यूचा सेट विकत घेणार नाही. 'बाहेरून मागव' सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार. आज रात्री परत करून बघायचंय, जरा पटपट सांगा.

झुणका:
४० काय? रुपये? चीज कुठलं, किती, गॅस किती मोठा, काहीच सांगितलेलं नाही. आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

बाणेरकरीण:
अगं, अमूलचा प्रोसेस्ड चीजचा ठोकळा आण. बटरवर मैदा परत, दूध घाल, मग किसलेलं चीज, मिरपूड. आमच्याकडे दर ३१ डिसेंबरला असतं, एकदाही फाटलेलं नाही.

झुणका:
काकू, तो व्हाइट सॉस झाला. आणि प्रोसेस्ड चीज फाटत नाही कारण त्यात इमल्सिफायरचे (तेल-पाणी एकजीव ठेवणारे) क्षार आधीच घातलेले असतात. त्यात हाताची कमाल नाही.

बाणेरकरीण:
बरं बाबा, सॉस म्हण. मुलं वाडगी चाटून पुसून खातात, ते कुठल्या क्षारांमुळे?

तिखटमीठ:
४० फ्रँक हो! मी झुरिकला आहे, लिहायचं राहिलं. अमूल इथे कुठून आणू? ग्रुयेर (स्विस चीज) ४०० ग्रॅम, एक कप दूध, लसूण. चांगली खळखळून उकळी आणली. वाईन घातली नाही. मिग्रो सुपरमार्केटमध्ये सगळी फडताळं पालथी घातली, बाटली काही दिसली नाही.

आरेकाठचा:
दिसणार नाहीच. मिग्रोच्या दुकानांत दारू विकत नाहीत, संस्थापकापासूनचं धोरण आहे ते. २०२२ मध्ये सभासदांचं मतदानही झालं, तेव्हाही लोकांनी नकोच म्हटलं. गंमत म्हणजे डेनर ही दुकानांची साखळी मिग्रोच्याच मालकीची आहे आणि तिथे रांगेने बाटल्या उभ्या असतात. फेंडांट (स्विस पांढरी वाईन) किंवा कुठलीही स्वस्त, आंबटसर पांढरी घे. महागडी घेऊ नकोस.

तुझं दोन ठिकाणी चुकलंय. एक, आंबटपणा नाही. वाईनमधल्या आम्लामुळे चीजमधलं कॅल्शियम सैल होतं आणि प्रथिनांची गाठ बसत नाही. दोन, उकळी. फॉन्ड्यू उकळायचं नसतं, कडेने नुसतं 'बुड बुड' व्हायला हवं. शिवाय मैझेना (कॉर्नफ्लॉर) कुठाय? पाच जणांना चार चहाचे चमचे लागतील. किसलेल्या चीजला कोरडंच चोळून ठेव.

प्रमाण: माणशी २०० ग्रॅम चीज, १ डेसिलीटर (१०० मिली) वाईन. उकडलेले बटाटे ठेवलेस तर ८०० ग्रॅममध्ये पाचही जण जेवतात. पाव आदल्या दिवशीचा, ताजा पाव काट्यावरून निसटतो. चीज मूठ मूठ घालायचं आणि इंग्रजी आठच्या आकारात ढवळत राहायचं, गोल गोल नाही.

अवलिया:
दुधात होत नाही हे कुणी ठरवलं? इटलीत आओस्ता खोऱ्यात फोंदुता दुधातच करतात.

आरेकाठचा:
फोंतिना चीज आणि अंड्याचा बलक घालून. पोरगी ग्रुयेर घेऊन बसलीय.

अवलिया:
मी नुसतं 'दुधातही होतं' म्हटलं. लगेच अंगावर यायची गरज नव्हती.

सोनचाफा:
चॉकलेट फॉन्ड्यू कर ना! केळी, स्ट्रॉबेरी, मार्शमेलो. शाकाहारी पण खातील.

झुणका:
जेवायला बोलावलंय हो.

कोपऱ्यातला:
शाकाहारी म्हणजे अंडं न खाणारे की रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारं द्रव्य) न खाणारे? ग्रुयेर एओपी (उगमस्थानाचा शिक्का असलेलं) वासराच्या जठरातल्या रेनेटवरच करतात, नियमच आहे तो. पाकिटावर 'लाब' (जर्मनमध्ये रेनेट) शोध, त्याच्याआधी 'मिक्रोबिएल' (सूक्ष्मजीवांपासूनचं) असेल तरच ते चालेल. आमच्या जावईबापूंनी सहा महिने आवडीने खाल्लं, मग कुणीतरी सांगितलं. घरात काय शांतता पसरली होती!

तिखटमीठ:
बाप रे. हे विचारायला हवं. एक जण जैन आहे. मग लसूणही गेली. त्यांना वेगळं छोटं पातेलं करते. वाईन त्यांना चालते का तेही विचारते.

आरेकाठचा:
चालत नसेल तर सफरचंदाचा रस आणि लिंबू पिळ. आणि नवं भांडं विकत घेऊ नकोस. जवळच्या ब्रॉकीत (जुन्या वस्तूंचं दुकान) जा. काकलों (फॉन्ड्यूचं भांडं), शेगडी, लांब काटे, लोक लग्नात मिळालेले सेट तिथे आणून टाकतात. माझं १२ फ्रँकला आलं, एका काट्याचा दांडा जळका आहे एवढंच. शनिवारीच जा, रविवारी सगळं बंद.

बाणेरकरीण:
त्यावर थंड पाणी पिऊ नका हं कुणी, पोटात चीजचा दगड होतो.

झुणका:
झुरिकच्याच विद्यापीठाच्या रुग्णालयात २० जणांना फॉन्ड्यूबरोबर वाईन किंवा काळा चहा देऊन बघितलं होतं, २०१० मध्ये छापून आलं. वाईनने पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागला. त्रास मात्र दोन्हीकडे सारखाच.

बाणेरकरीण:
मी पाण्याचं म्हटलं, वाईनचं नाही.

तिखटमीठ:
आत्ताच करून बघितलं. २०० ग्रॅम, डेनरची वाईन, मैझेना. मधेच परत फाटायला लागलं!! मग चमचाभर मैझेना लिंबाच्या रसात कालवून घातली, आच अगदी मंद केली, फेटत राहिले. हळूहळू तेल आत गेलं आणि पुरणासारखं जड, चकचकीत झालं. तळाशी करपून कडक पापडी बसलीय, ती कशी काढू?

आरेकाठचा:
काढून टाकू नकोस!! ती खरवड म्हणजे 'रलिजियूज', त्यासाठी इथे भांडणं होतात. सुरीने सोडव आणि खा.

तिखटमीठ:
खाल्ली. थालीपीठाच्या कडेसारखी लागली.

सोनचाफा:
मग चॉकलेटचं नक्की नाहीच का?