सोन्याच्या चार्टवर पर्सेंटाइल 95 च्या वर चिकटून बसतं, नियम कुठे चुकतोय?

सुवर्णनगरी_चार्ट (जळगाव)

राम राम मंडळी. एमसीएक्स (वायदेबाजार) सोन्याच्या डेली चार्टवर ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साइटचं टीए.परसेंटरँक लावलंय, म्हणजे आजचा आकडा मागच्या किती टक्के दिवसांएवढा किंवा त्यांपेक्षा जास्त आहे ते पर्सेंटाइल. सोर्स क्लोज (दिवसाचा बंद भाव), लांबी 252 दिवस. नियम साधा: 95 च्या वर विक्री, 5 च्या खाली खरेदी. तेजी आली की आकडा 95 च्या वर जातो आणि तिथेच बसतो, मग रोज विक्रीचा सिग्नल. लांबी 100 करून पाहिली, 500 करून पाहिली, फरक नाही.

दुसरी अडचण: एटीआर(14), म्हणजे भावाच्या रोजच्या हालचालीची 14 दिवसांची सरासरी, भागिले क्लोज, याचं पर्सेंटाइल एक्सेलमध्येही काढलं. त्याच दिवशी ट्रेडिंगव्ह्यू 71 दाखवतो आणि एक्सेल 63. खरा आकडा कोणता धरायचा?

तापीकाठ (भुसावळ)

भो, लांबी बदलून हे सुटणार नाही. तुम्ही भावाचंच पर्सेंटाइल काढताय. चढत्या बाजारात आजचा भाव मागच्या जवळजवळ सगळ्या दिवसांपेक्षा जास्त असणारच, म्हणून आकडा 100 ला टेकतो. त्यातून एवढंच कळतं की तेजी चालू आहे. 95 म्हणजे भाव पडण्याची शक्यता 95 टक्के, असा अर्थ कुठेच निघत नाही. आजची किंमत मागच्या 252 दिवसांत किती दुर्मिळ आहे, एवढंच पर्सेंटाइल सांगतं. दिशा ते सांगत नाही.

जी राशी एका पातळीभोवती खालीवर होत राहते, तिचं पर्सेंटाइल काढा. क्लोजचं 50 दिवसांच्या सरासरीपासूनचं अंतर टक्क्यांत, एटीआर भागिले क्लोज, बोलिंजर बँडची (सरासरीच्या वर-खाली अस्थिरतेनुसार आखलेल्या पट्ट्याची) रुंदी किंवा दिवसाचा टक्केवारी बदल, यांतलं काहीही घ्या. लांब तेजीत सरासरीपासूनचं अंतरसुद्धा अनेक आठवडे 90 च्या वर राहू शकतं, त्यामुळे त्यावरही डोळे मिटून विक्री नको.

माझ्या मते याचा सर्वांत भरवशाचा उपयोग अस्थिरता मोजून किती लॉट (सौद्याचं ठरलेलं एकक) घ्यायचे ते ठरवण्यासाठी आहे. गोल्ड मिनीचा लॉट 100 ग्रॅमचा, भाव 10 ग्रॅमचा, म्हणजे भावात 1 रुपया हलला की लॉटमागे 10 रुपये. समजा एटीआर 900 आहे आणि स्टॉप (तोटा थांबवायला सौदा बंद करायचा भाव) दोन एटीआरच्या अंतरावर, म्हणजे 1800 रुपयांवर ठेवला. लॉटमागे जोखीम 18,000. तोच एटीआर 1800 झाला की जोखीम 36,000. एटीआर टक्क्यांचं पर्सेंटाइल 80 च्या वर गेलं तर लॉट निम्मे करा. स्टॉप जवळ आणून जोखीम कमी करू नका, रोजच्या हेलकाव्यातच तो उडेल. 20 च्या खाली असेल तर बाजार आक्रसलेला आहे. तिथे मोठं टार्गेट लावण्याऐवजी रेंज फुटायची वाट पाहिलेली बरी.

पांझराकाठ (धुळे)

71 आणि 63 बद्दल. इतका मोठा फरक पर्सेंटाइलच्या सूत्रातून सहसा येत नाही, आधी एटीआर तपासा. ट्रेडिंगव्ह्यू एटीआरला वाइल्डरची सरासरी लावतो: मागचा एटीआर गुणिले 13, अधिक आजची ट्रू रेंज (कालचा बंद भाव धरून आजची पूर्ण हालचाल), भागिले 14. एक्सेलमध्ये बहुतेक जण 14 दिवसांची साधी सरासरी घेतात. तसं असेल तर दोन्हीकडे मुळात वेगळी राशी मोजली जातेय. वाइल्डरची सरासरी जुन्या डेटावर उभी असते, म्हणून 252 दिवसांच्या आधीचे किमान 100 दिवसही शीटमध्ये भरा. नाहीतर सुरुवातीचे एटीआर चुकतील आणि रांगेतले क्रम हलतील.

मग मोजणीकडे या. टीए.परसेंटरँक आजचा बार (चार्टवरचा एक दिवस) सोडून मागचे 252 बार घेतं आणि त्यातले किती आजच्या आकड्याएवढे किंवा कमी आहेत ते मोजतं. एक्सेलच्या परसेंटरँक.इन्कमध्ये आजचा आकडा रांगेतच असतो, त्यामुळे जुळवायचं तर 253 सेल द्यावे लागतात. शिवाय ते उत्तर तीन दशांशांवर छाटतं: 8 भागिले 9 ला 0.888 म्हणतं, 0.889 नाही. त्यापेक्षा काउंटइफने मागच्या 252 सेलमधले आजच्याएवढे किंवा कमी आकडे मोजा आणि 252 ने भागा. सारखे आकडे फार येत असतील, उदाहरणार्थ कमी उलाढालीच्या शेअरमध्ये शून्य बदलाचे दिवस, तर कमी असलेले पूर्ण आणि सारखे असलेले अर्धे धरा.

लांबी 20 ठेवणाऱ्यांनी हेही पाहावं: तिथे एक पायरीच 5 ची असते. 93 आणि 97 असा भेद त्यात असूच शकत नाही. आणि 100 बारांत 14 दिवसांचे एकमेकांवर न येणारे तुकडे जेमतेम सात बसतात, म्हणजे दिसायला शंभर नोंदी, स्वतंत्र माहिती तेवढी नाही.

सुवर्णनगरी_चार्ट

एटीआर साध्या सरासरीचाच होता, बरोबर पकडलंत दादा. एक शंका: स्टोकॅस्टिकही (नीचांक आणि उच्चांक यांच्यामध्ये आजचा भाव कुठे आहे ते दाखवणारा इंडिकेटर) 0 ते 100, हेही 0 ते 100. मग वेगळं काय?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

स्टोकॅस्टिक फक्त उच्चांक आणि नीचांक पाहतं, मधले दिवस त्याला दिसतच नाहीत. समजा एटीआर टक्क्यांचा वर्षातला नीचांक 0.6, उच्चांक 3.0 आणि आजचा आकडा 1.2. किमान-कमाल पद्धतीने उत्तर 25, म्हणजे बाजार शांत. पण 252 पैकी 202 दिवस 1.2 पेक्षा कमी असतील तर पर्सेंटाइल 80, म्हणजे बाजार तापलेला. डेटा तोच, निष्कर्ष उलटे. तो 3.0 चा दिवस वर्षभराने 252 दिवसांच्या खिडकीतून बाहेर पडला की किमान-कमालचा आकडा बाजार न हलताही उडी मारतो. पर्सेंटाइल एका दिवसामुळे फार तर एक पायरी सरकतं. ऑप्शनवाले आयव्ही (ऑप्शनच्या भावातून निघणारी अपेक्षित अस्थिरता) रँक, जो किमान-कमाल पद्धतीचा असतो, आणि आयव्ही पर्सेंटाइल एकच समजतात, तिथेही हीच गफलत होते.

सोन्यात असे दिवस येतात. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं आणि एमसीएक्सचा भाव त्याच दिवशी घसरला, कारण तिथल्या भावात आयात शुल्क धरलेलं असतं. (जीएसटी नसतो, म्हणून सराफाच्या बिलाशी चार्ट थेट जुळवू नका.) असा दिवस रिटर्नच्या (दिवसाच्या टक्केवारी बदलाच्या) पर्सेंटाइलमध्ये एक नोंद म्हणून राहू द्या, काढून टाकू नका.

काढायची ती रोलओव्हरची खोटी उडी. मोठ्या सोन्याचे करार फेब्रुवारी, एप्रिल, जून असे दोन-दोन महिन्यांनी येतात. सलग चार्ट जुन्यावरून नव्या करारावर जातो तेव्हा दूरच्या महिन्याचा भाव सहसा जास्त असतो आणि बाजार न हलता उडी दिसते. वर्षात असे 6 दिवस. 252 दिवसांत 97.5 च्या वर एकूण 6-7 दिवसच बसतात, तेव्हा या खोट्या दिवसांनी टोक किती बिघडू शकतं ते पाहा. टक्केवारी बदल एकाच कराराच्या आत काढा आणि मग जोडा. बॅक-ॲडजस्ट (जुने भाव नव्या कराराच्या पातळीला जुळवणं) करायचंच असेल तर गुणोत्तराने करा. फरक मिळवून-वजा करून केलं तर जुने भाव सरकतात आणि जुन्या दिवसांची टक्केवारी खोटी होते.

तापीकाठ

दोन गोष्टी राहिल्या. बॅकटेस्टमध्ये (जुन्या डेटावर नियम तपासताना) पूर्ण शीटचं एकच पर्सेंटाइल काढून त्यावर जुने सौदे तपासू नका. 2022 च्या सौद्याला 2025 चा डेटा माहीत असल्यासारखं होतं आणि निकाल फुगतो. प्रत्येक दिवसाला त्याच्या मागचीच खिडकी हवी.

आणि व्हॉल्यूमचं पर्सेंटाइल चालू बारवर वाचू नका. एमसीएक्स रात्री उशिरापर्यंत चालतं, दुपारचा आकडा पूर्ण दिवसांशी तोलला तर तो नेहमी कमीच दिसणार. कापसाच्या आवकेलाही असंच: डिसेंबरची आवक जूनशी तोलून काही कळत नाही, मागच्या वर्षांच्या डिसेंबरांशीच तोला. फक्त मग नोंदी पाच-सात वर्षांच्याच उरतात, म्हणून तिथे 90-95 ची भाषा सोडून थेट क्रमांक लिहा: सात वर्षांत दुसरी मोठी आवक.