‘प्रलयोत्तर’ म्हणावं का? एका मालिकेवरून पडलेला प्रश्न

प्रश्न (सोलापूर)

भाच्याने कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेवर लिहिलं. पहिलंच वाक्य होतं : ‘ही एक प्रलयोत्तर मालिका आहे.’ तो मोठ्याने वाचून दाखवत होता. कॉटवर बसून शेंगा फोडणाऱ्या आज्जीने मान वर न करता विचारलं, “प्रळय झाल्यावर माणूस उरतंय होय? आन् उरलं तर त्यो प्रळय कसला?”

तो गप्प झाला. मीही गप्प झाले, कारण आज्जीचं बरोबर होतं.

मालिका ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिलं पर्व जानेवारी 2023 मध्ये आलं, दुसरं एप्रिल 2025 मध्ये. मूळ 2013 चा व्हिडिओ गेम. कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांत शिरते आणि 2003 साली काही दिवसांत जग कोसळतं. वीस वर्षांनी जोएल नावाचा एक कडवट माणूस चौदा वर्षांच्या एलीला घेऊन अमेरिका पार करत निघतो, कारण तिला या बुरशीची बाधा होत नाही. अशी बुरशी खरोखर आहे. ती मुंग्यांना धरते, त्यांना झाडावर चढायला लावते, पानाच्या शिरेला घट्ट चावायला लावते आणि मग त्यांच्या डोक्यातून उगवते. माणसाला ती धरत नाही, तेवढी कल्पना मालिकेची.

आता शब्दाकडे. प्रलय हा ‘ली’ धातूवरून आलेला, लय पावणे, विरून जाणे. मिठाचा खडा पाण्यात जातो तसा. पुराणांत प्रलयाचे नित्य, नैमित्तिक, प्राकृतिक आणि आत्यंतिक असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यातल्या मोठ्या प्रलयांनंतर जे येतं ती कोरी, नवी सृष्टी असते. मालिकेत असं काही विरून गेलेलं नाही. उलट सगळं अर्धवट शिल्लक आहे. एकमेकांवर कलंडलेल्या इमारती आहेत, गवत उगवलेल्या गाड्या आहेत, कॅसेटी आहेत. एलीच्या पिशवीत शाब्दिक कोट्यांचं एक जुनं पुस्तक आहे आणि ती जोएलला त्यातल्या कोट्या वाचून दाखवते. तो आधी वैतागतो आणि एका रात्री अंधारात पडल्या पडल्या हसतो. जग गेलं, पण शब्दांवरचा खेळ उरला. मला ती जागा फार आवडली. याला प्रलय म्हणायला जीभ रेटत नाही.

‘जगबुडी’ हा शब्द घरगुती आहे, पण तो पाण्याचा. खेडजवळच्या नदीचं नावच जगबुडी आहे, कोकणात ते शोभतं. शिवाय बोलताना आपण तो बहुतेक वेळा नकारातच वापरतो. ‘एक दिवस उशीर झाला तर काय जगबुडी येणार आहे का?’ त्यामुळे शब्दाचं वजन उतरलं आहे. (सप्टेंबर 2025 मध्ये सीनेचं पाणी गावांत शिरलं तेव्हा मात्र माढा-मोहोळकडचे पाहुणे फोनवर हाच शब्द बोलत होते, आणि त्यात नकार नव्हता.) ‘कल्पांत’चंही तेच, ‘कल्पांतीही होणार नाही’ एवढ्यापुरता तो उरला. ‘युगान्त’ तर कुठल्याही मोठ्या माणसाच्या निधनाच्या बातमीला मथळा म्हणून लागतो.

गंमत वाटली ती मूळ इंग्रजी शब्दाची. ‘प्रलयोत्तर’ हे ‘पोस्ट-अपोकॅलिप्टिक’चं भाषांतर, आणि त्यातला मूळ शब्द ‘अपोकॅलिप्स’. तो ग्रीकमधून आलेला आहे आणि तिथे त्याचा अर्थ नाश नव्हे, तर झाकण काढणे, उघड करणे. मराठी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं नाव ‘प्रकटीकरण’ आहे ते त्यामुळेच. त्या पुस्तकात जगाच्या अंताची वर्णनं आहेत म्हणून पुढे शब्दच अंताला चिकटला. या मालिकेला तो जुना अर्थ जास्त लागू पडतो असं मला वाटतं. वरचं झाकण निघाल्यावर माणूस आत काय होता, ते दिसतं.

तर या जातीच्या मालिकांना मराठीत काय म्हणावं?

उत्तर (मंगळवेढा)

तुमच्या आज्जींना नमस्कार सांगा.

मी ज्वारी करणारा माणूस, तेव्हा शेताच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे नाश झाला असं कुणी म्हणत नाही, ‘होत्याचं नव्हतं झालं’ म्हणतात. या तीन शब्दांत आधीचं आणि नंतरचं दोन्ही आहे. काय होतं ते माहीत असलेला कुणीतरी शिल्लक आहे, म्हणून तर ‘होत्याचं’ म्हणता येतं. प्रलयात ही सोय नाही.

दुसरा शब्द ‘तगणे’. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरल्यावर तिला वरून पाणी नसतं, जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते. पाऊस कमी झाला की आम्ही एकमेकांना विचारतो, “तगलं का?” पीक जोमात आहे का, असं नाही विचारत. तगलं म्हणजे मेलं नाही, उभं आहे, कणीस भरेल की नाही ते पुढचं पुढे. माझ्या वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली, तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. ते स्वतःबद्दल ‘वाचलो’ कधी म्हणाले नाहीत. ‘तगलो’ म्हणायचे. वाचण्यात नशीब आहे, कुणीतरी वाचवलं असंही असतं. तगण्यात रोजचे कष्ट आहेत. जोएल वाचलेला नाही, तगलेला आहे. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

आणि आमच्या गावाची आठवण निघालीच आहे तर, दुष्काळात सरकारी कोठार लोकांना खुलं करणारे दामाजीपंत इथलेच. होत्याचं नव्हतं झाल्यावर कोठाराची किल्ली ज्याच्या हातात, त्याने काय करावं, हा प्रश्न त्या मालिकेतही सारखा येतो. नाव सुचवायचं तर ‘तगकथा’ म्हणा.

उत्तर (पुणे, मूळचा सोलापूरचा)

‘तगकथा’ कानाला बोचते. ‘तग धरणे’ हा वाक्प्रचार आहे, त्याचा असा समास मराठीत रुळेल असं वाटत नाही. ‘तगलेल्यांची गोष्ट’ सरळ आहे.

मला दुसऱ्या शब्दाबद्दल लिहायचं आहे. या मालिकांवर बोलताना सगळे ‘झोंबी’ लिहितात. मराठीत झोंबी हा आधीपासूनचा, चांगला राबता शब्द आहे. झटापट, अंगाला अंग भिडवून केलेली ओढाताण. मिरची झोंबते, बोलणं झोंबतं, पोरं एकमेकांशी झोंबतात. परक्या शब्दासाठी ‘झॉम्बी’ लिहावं म्हणजे घोळ होत नाही. ‘द वॉकिंग डेड’ (2010 ते 2022, अकरा पर्वं) मध्ये तर तो शब्द पात्रांच्या तोंडी येतच नाही, ती मंडळी ‘वॉकर’ म्हणतात. इथेही बाधितांना ‘क्लिकर’ वगैरे नावं आहेत. चेहरा फुटून बुरशी बाहेर आलेली, डोळे गेलेले, म्हणून तोंडाने टकटक आवाज काढून वटवाघळासारखा अंदाज घेतात. ज्यांच्या दारात संकट येतं, ते त्याला स्वतःचं नाव देतात.

उत्तर (सोलापूर, विजापूर वेस)

एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो. मालिकेतली शहरं भिंती घालून लष्कराच्या ताब्यात आहेत. त्याला कुणी ‘लष्करी कायदा’ लिहील. सोलापुरात तरी तसं लिहू नये. इथे तो शब्द ‘मार्शल लॉ’ आहे आणि तो आपला झालेला शब्द आहे. मे 1930 मध्ये शहरावर मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. आमच्या घरात ‘मार्शल लॉच्या आधी’ आणि ‘नंतर’ असं बोलायची पद्धत आजोबांपर्यंत होती. त्या एली-जोएलच्या शहरातला पहारा बघताना मला तेच आठवलं.

उत्तर (बार्शी)

सगळे कौतुक करत आहेत म्हणून वेगळं लिहिते. पहिल्या पर्वाचा तिसरा भाग मला रेंगाळलेला वाटला. बिल आणि फ्रँक या दोघांचं अख्खं आयुष्य एका भागात, आणि मूळ प्रवास तिथेच खोळंबला. माझी बहीण म्हणते तो सगळ्यात सुंदर भाग आहे, ती त्या शेवटच्या जेवणाला रडली. आम्ही दोघी भांडलो तेव्हा लक्षात आलं की आमचं भांडण शब्दावर आहे. मी ‘रटाळ’ म्हणत होते, ती ‘संथ’ म्हणत होती. संथ नदी असते, तिच्यात पाणी असतं. रटाळात पाणी आटलेलं असतं. मग मला ‘रटाळ’ मागे घ्यावा लागला. ‘रेंगाळलेला’वर मी ठाम आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांची उत्तरं भाच्याला वाचून दाखवली. बार्शीच्या ताईंचं ‘रेंगाळणं’ त्याला अजिबात पटलं नाही. त्याच्या मते बिल-फ्रँकच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यापाशी मालिका पहिल्यांदा श्वास घेते. मी या बाबतीत त्याच्या बाजूची आहे. सगळी मालिका टिकून राहण्याची असेल, तर कशासाठी टिकायचं ते एकदा तरी दाखवायला हवं, आणि ते घाईत दाखवता येत नाही.

लेखाचं पहिलं वाक्य त्याने बदललं : ‘होत्याचं नव्हतं झाल्यावर जे तगले, त्यांची ही मालिका.’ ‘प्रलयोत्तर’ कंसातही ठेवला नाही. परिभाषेच्या कोशात तो राहील, राहू दे. वर्गातल्या मुलांना वाचायच्या कागदावर हेच बरं.

अजून एक शब्द बदलला, तो आज्जीमुळे. लेखात जागोजागी ‘संक्रमित’ होतं. काल रात्री आम्ही दुसरा भाग पुन्हा लावला. सुरुवातीला जकार्तामध्ये त्या बुरशीच्या अभ्यासक बाईंना लष्कराची माणसं घेऊन जातात, आणि पिठा-धान्याच्या कारखान्यात हे सुरू झालं असं त्यांना सांगतात. आज्जीचं तोवर लक्ष नव्हतं. पीठ म्हटल्यावर तिने चष्मा लावला. पुढे संग्रहालयातल्या अंधारात तो क्लिकर समोर आला, चेहऱ्याच्या जागी थरावर थर, आणि आम्ही सगळे मागे सरकलो. आज्जी पुढे वाकून बघत होती.

“बुरा चढलाय की याला,” ती म्हणाली. “ओली भाकरी झाकून ठेवली की येतोय तसला.”

आमच्याकडे कडक भाकऱ्या ती अजून स्वतः करते. पापडासारख्या वाळवून कापडात गुंडाळून ठेवते, आणि मधूनमधून एकेक काढून बोटाने टिचकी मारून बघते. आवाज बद्द आला तर ती भाकरी पुन्हा उन्हात जाते. ओल राहिली की बुरा येतो, म्हणून. बुरसणे, बुरसट हे सगळे त्याच घरातले शब्द, आपण ते आता फक्त विचारांना लावतो.

भाच्याने लेखातलं ‘संक्रमित’ खोडलं आणि ‘बुरा चढलेली माणसं’ लिहिलं.